अकरा-पन्नासची वही

१

मी ड्रॉवर उघडला. आत पेन्सिली होत्या, खोडरबर होता, डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी होती. वही नव्हती.

मी ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, उलटा केला, मागच्या फटीत हात घातला. मग शेजारचा ड्रॉवर, मग कचऱ्याची टोपली. माणूस घाबरला की वस्तू जिथे असणं शक्यच नाही तिथेही शोधतो. मी तर स्वतःची पर्स दोनदा उपसली. सव्वाबारा वाजले होते. पंधरा मिनिटांपूर्वी ती वही मी याच ड्रॉवरमध्ये याच हातांनी ठेवली होती.

मी विधानसभेत प्रतिवेदक आहे. सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवायचं आणि मग टंकून द्यायचं, हे आमचं काम. अध्यक्षांच्या आसनाखाली आमचं टेबल. पाच-पाच मिनिटांचे टर्न, दर टर्नला एक पातळ वही, आतल्या पानांवर आकडे आणि शिक्का, वर वेळ घातलेली. बावीस वर्षांत मी आरोप लिहिले, शेर लिहिले, माफ्या लिहिल्या, एकदा एका सन्माननीय सदस्याचं घोरणंही लिहिणार होते. वही मात्र कधी हरवली नव्हती. आणि हरवली ती नेमकी हीच.

प्रश्नोत्तराचा तास संपत आला होता. विरोधी बाकावरच्या डॉक्टरबाई मंत्र्यांना धारेवर धरत होत्या. आमदार व्हायच्या आधी त्या खरोखरच बाळंतपणं करायच्या, आणि प्रश्नही तसाच होता: नदीपलीकडचं प्रसूतिगृह सरकार बंद करणार आहे का? मंत्री गोल गोल उत्तरं देत राहिले. शेवटी अध्यक्षांनी पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं आणि मंत्र्यांचा माइक बंद झाला. आमच्याकडे ज्याला बोलायची परवानगी, त्याचाच माइक चालू. मंत्री बसता बसता पुन्हा अर्धवट उठले आणि म्हणाले, "ते प्रसूतिगृह बंद होणार नाही. तसं मी सभागृहाला आश्वासन देतो."

सभागृहात दिलेलं आश्वासन मंत्र्याला गिळता येत नाही. त्यासाठी आमदारांची एक समिती असते, ती हात धुऊन मागे लागते. पण ते लिहिलेलं असेल तरच. माइक बंद होता, म्हणजे ध्वनिमुद्रणात काही नाही. लिहिलेलं होतं ते माझ्या वहीत.

टर्न झाला की आधी दहा मिनिटं हात मोकळा सोडायचा, मगच टंकायला बसायचं, हा आमच्या खोलीचा जुना नियम. तो पाळून मी चहाला गेले होते. नियम पाळणाऱ्याचंच वाटोळं होतं, असं माझे वडील म्हणायचे.

मी टोपली तशीच आडवी टाकून मान वर केली. दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या.

"ते शेवटचं वाक्य घेतलंत ना हो लिहून?" त्यांनी विचारलं.

२

पाऊण वाजता मी अध्यक्षांच्या दालनात उभी होते. मी खुर्चीची पाठ धरली होती. एका बाजूला डॉक्टरबाई, दुसऱ्या बाजूला मंत्री. वही हरवल्याची बातमी माझ्या आधी तिथे पोचली होती.

"मी असं काही बोललोच नाही," मंत्री म्हणाले. किती सहज म्हणाले!

"तुम्ही बोललात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, इतकी शांतता होती. माझ्या बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं."

"तुमच्या बाकावरचे तुमचंच ऐकणार. आणि या बाई," मंत्र्यांनी माझ्याकडे न बघता माझ्याकडे हात केला, "कुणाच्या सांगण्यावरून माझ्या तोंडी वाक्य घालतायत, याची चौकशी व्हायला हवी. वही म्हणे हरवली. बरी हरवली!"

अध्यक्ष साधा माणूस. बोलताना हाताची मूठ ओठांवर ठेवायची त्यांना सवय, त्यामुळे कान देऊन ऐकावं लागतं. ते म्हणाले, "मी तेव्हा पुढच्या नावाकडे बघत होतो. आणि मी ऐकलं असतं तरी माझ्या ऐकण्याला किंमत नाही. या सभागृहात लिहिलेल्यालाच किंमत." मग माझ्याकडे वळले. "पाच वाजता आजच्या कार्यवृत्तावर माझी सही होते. तोवर वही मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर ते वाक्य झालंच नाही असं धरावं लागेल. आणि बाई, तुम्हाला निलंबित करून चौकशी लावावी लागेल. माझा नाइलाज आहे."

चोरीचा आळ आला असता तर इतकं लागलं नसतं. मंत्री न बोललेलं वाक्य मी लिहिलं, हा आळ! बावीस वर्षांत मी कुणाच्या तोंडचा 'अं' सुद्धा पदरचा घातला नाही. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

अध्यक्षांनी मार्शलना बोलावलं. मार्शल म्हणजे सभागृहाचे राखणदार. गोंधळ घालणाऱ्या सदस्याला अध्यक्षांच्या हुकमावरून उचलून बाहेर नेणं हे त्यांचं मुख्य काम. धिप्पाड देह, आवाज बालवाडीच्या बाईंसारखा. कोणता आमदार किती किलोचा, हे त्यांना तोंडपाठ आहे असं म्हणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "ताई, चला. चार तास आहेत. त्यात रडायला वेळ काढू नका."

बाहेर आल्यावर त्यांनी हळूच पुढचं वाक्य टाकलं. "आणि एक सांगतो. फाटकावर झडती होते, वही इमारतीच्या बाहेर गेलेली नाही. म्हणजे ती नेणारा रोजच्या बघण्यातलाच आहे."

३

आमच्या खोलीच्या दाराशी मार्शलांच्या हाताखालची एक रक्षक बसते. आत कोण आलं, बाहेर काय गेलं, हे ती नोंदवहीत लिहिते. बारा ते सव्वाबारा या वेळात तीन नावं होती. बाकीचे प्रतिवेदक एकतर सभागृहात होते, नाहीतर माझ्यासमोर चहा पीत होते.

पहिले मंत्र्यांचे पीए. बारा वाजून सहा मिनिटांनी आत, तीन मिनिटांत बाहेर. हात रिकामे, आणि अंगात तंग सदरा, त्यात वहीच काय, विड्याचं पानही लपलं नसतं.

दुसरी धाकटी. ती आमच्यात वयानं आणि नोकरीनं लहान, म्हणून हे नाव. सभागृहात माझ्या आधीचा टर्न तिचा होता. बारा चौदाला पुढच्या टर्नसाठी वही घेऊन बाहेर पडली. रक्षकबाईनं वही उघडून बघितली होती, कोरी होती. धाकटीची नेमणूक याच मंत्र्यांच्या चिठ्ठीवर झाली, अशी कुजबुज होती. त्या कुजबुजीत मीही एकदा भर घातली होती, हे कबूल करते.

तिसरे नाना. आमचे मुख्य प्रतिवेदक. माणसं कमी म्हणून अजून स्वतः टर्न घेणारे, निवृत्तीला चार महिने उरलेले. मला लघुलिपी शिकवली त्यांनीच. नाना बारा बाराला बाहेर पडले ते पटलावरच्या कागदांचा गठ्ठा घेऊन, सही करून. सरकार सभागृहापुढे जे अहवाल ठेवतं, त्यांची नावं ताडून, बांधून, लाखेची मोहर लावून ते ग्रंथालयात पोचवणं, हे नानांचं रोजचंच काम.

"नानांकडे आधी जाऊ," मी म्हटलं. "त्यांच्याकडेच माझी सुटका असेल."

मार्शलनी भुवया वर केल्या, तेव्हा त्यांना आमची पद्धत सांगितली. पुढचा प्रतिवेदक अर्धा मिनिट आधी येऊन शेजारी बसतो आणि लगेच लिहू लागतो. मागचा अर्धा मिनिट उशिरा उठतो. म्हणजे दर टर्नच्या सांध्यावरचं एक मिनिट दोन वह्यांत उतरतं. नंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवून जुळवायच्या, म्हणजे एकही शब्द मधल्या फटीत पडत नाही. माझ्या नंतरचा टर्न नानांचा होता. आणि मंत्र्यांचं वाक्य माझ्या टर्नच्या अगदी शेवटाला आलं होतं.

नानांची खोली म्हणजे आमच्याच दालनाच्या कोपऱ्यात काच लावून केलेलं खुराडं. भिंतीवर खिळ्याला कानाला लावायचं यंत्र टांगलेलं. टेबलावर प्रत्येकाला ते दिलंय, माइकचा आवाज थेट त्यात येतो. आम्हाला त्यानं कान दुखतात, म्हणून आम्ही लावत नाही. नाना मात्र गेली दोन वर्षं त्याच्याशिवाय बसत नाहीत. म्हातारपणी नव्या खेळण्याची हौस, अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

"समोर बसा, समोर," नाना म्हणाले. चेहरा उतरलेला होता. माझ्यासाठीच उतरला असणार, असं मला वाटलं आणि बरं वाटलं.

"नाना, तुमच्या वहीत ते वाक्य असेल ना?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "नाही गं पोरी. गुडघा धरला होता. बसायला उशीर झाला मला. मी बसलो तेव्हा पंचावन्न होऊन गेले होते."

बावीस वर्षांत नानांना उशीर झालेला मी पाहिला नव्हता. मार्शलनी त्यांची वही मागितली, नानांनी लगेच दिली. पहिल्या पानावर पहिलीच खूण मी वाचून दाखवली: कंसात 'गोंधळ'. त्याखाली पुढच्या सदस्याचा प्रश्न. बस.

तेवढ्यात टेबलावरचा, आमच्या सगळ्यांचा मिळून एकच असलेला फोन वाजू लागला. नवा, बारीक किणकिणणारा. नानांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता, पण ते मार्शलकडे बघत गुडघ्याबद्दल बोलतच राहिले. अलीकडे ते फोन उचलतच नाहीत. साहेबलोकांनी स्वतः उचलायचा नसतो, असा खाक्या असावा. शेवटी मीच हात लांब केला.

सासूबाई होत्या. "अगं, टीव्हीवर सांगतायत, विधानसभेतल्या कुणा बाईनं मंत्र्याच्या तोंडी वाक्य घातलं म्हणून. तू नाहीस ना ती?"

"मीच आहे, आई."

त्या म्हणाल्या, "बरं. जेवलीस का?"

मी फोन ठेवला तेव्हा मार्शल नानांकडे नाही, फोनकडे बघत होते. मग उठून म्हणाले, "धाकट्या ताई कुठे आहेत?"

धाकटी कुठेच नव्हती. दीड तासापासून तिला कुणी पाहिलं नव्हतं.

४

ती सापडली बायकांच्या स्वच्छतागृहात, कडी लावून बसलेली. मी दार ठोठावलं तर आतून आवाज आला, "ताई, मी नाही घेतली हो."

"मग बाहेर ये आणि तसं सांग. इथे बसून कोण ऐकणार तुझं?"

डोळे सुजलेले, नाक लाल. मार्शल दाराबाहेर पाठ करून उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी प्रश्न विचारला, "पीए खोलीत काय करत होते?"

"चौकशी करत होते," धाकटी म्हणाली. "ताईंचं टंकून झालं का, म्हणाले. साहेबांचा एक शब्द जरा दुरुस्त करायचाय. मी म्हटलं, ताई आल्यावर विचारा. मग माझा टर्न संपवून मी सभागृहाबाहेर आले, बारा बावीसला, तर हे दारातच. पुन्हा तेच. टंकून झालं का? झालं की आधी मला दाखवा, साहेबांनी भलतंच कबूल करून ठेवलंय."

"हे तू अध्यक्षांना का नाही सांगितलंस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"माझं कोण खरं मानणार? मला त्याच साहेबांच्या चिठ्ठीवर घेतलं असं तुम्ही सगळेच म्हणता. मी परीक्षा देऊन लागलेय, ताई."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. मी माझा रुमाल तिला दिला. तो सकाळपासून वापरलेला होता, पण तिनं घेतला.

बाहेर आल्यावर मी मार्शलना म्हटलं, "झालं तर मग. पीएच. त्यानंच घेतली."

"उलट," मार्शल म्हणाले. "वही त्यांनी घेतली असती, तर बारा बावीसला पुन्हा येऊन टंकून झालं का विचारलं असतं? तोपर्यंत त्यांना वाटत होतं की वाक्य वहीत आहे आणि वही ड्रॉवरात आहे. वही गेली, हे त्यांना साडेबाराला तुमच्या आरडाओरड्यातून कळलं. तेव्हा कुठे मंत्र्यांना जीभ फुटली."

"म्हणजे मंत्र्यांनी चोरी करवली नाही?"

"आयती मिळाली त्यांना." मार्शल चालत होते आणि मी त्यांच्या मागे अर्धवट धावत होते. "तोच घोळ आहे, ताई. वाक्य कुणाला नको होतं, हेच आपण शोधतोय. ज्यानं वही नेली त्याला वाक्याशी काही देणंघेणं नसेल तर?"

तीन वाजले होते. दोन तासांत ओळखपत्र गळ्यातून काढून द्यावं लागेल, हे मला दिसत होतं. वही मिळाली नाही तर मंत्र्यांचं खोटं छापलं जाईल आणि माझं खरं नाही.

"माझ्याबरोबर सभागृहात चला," मार्शल म्हणाले.

५

सभागृह दुपारपासून तहकूब होतं. रिकाम्या बाकांवर कागद विखुरलेले, वरच्या गॅलरीत एकच दिवा. मार्शलनी मला माझ्या जागी बसवलं आणि स्वतः दाराशी, त्यांच्या रोजच्या जागी जाऊन उभे राहिले.

"लिहा," ते तिथून म्हणाले. "जसं सकाळी लिहिलंत तसं. आठवून सांगू नका, ताई. आठवण सोयीचं तेवढंच सांगते. हाताला लिहू द्या."

मला हा पोरखेळ वाटला. पण दुसरं काय करणार होते? मी पेन्सिल घेतली, कोऱ्या कागदावर सुरुवात केली. डॉक्टरबाईंचा प्रश्न, मंत्र्यांचं उत्तर, उपप्रश्न. हात आपोआप चालू लागला. अध्यक्षांनी पुकारलेलं नाव. मग मंत्र्यांचं ते वाक्य. ते अर्ध्यावर आलं तेव्हा मार्शल एकदम म्हणाले, "थांबा! तसंच राहा. उजवं कोपर बघा."

माझं कोपर बरगडीला चिकटलेलं होतं. इतका वेळ हात टेबलावर ऐसपैस होता.

"का आवळलंत?"

"शेजारी माणूस येऊन बसला की आवळावं लागतं. टेबल दोघांना अरुंद पडतं, पुढचा उजवीकडे..." मी बोलले आणि पेन्सिल खाली ठेवली.

वाक्य सुरू होण्याआधीच नाना शेजारी येऊन बसले होते. लिहिताना आम्ही मान वर करत नाही. मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण कोपरानं जागा करून दिली होती. नानांना उशीर झाला नव्हता.

"आता दुसरं," मार्शल दारापासूनच म्हणाले. "नानांच्या वहीत पहिला शब्द गोंधळ. बरोबर? सभागृहात गोंधळ सुरू झाला की मी इथून दोन पावलं पुढे येतो. वीस वर्षांची सवय, ठरवून येत नाही. आज सकाळी मी मधल्या वाटेच्या तोंडाशी एकदाही आलो नाही. गोंधळ झालाच नव्हता. डॉक्टरबाई म्हणतात तशी शांतता होती."

"मग नाना खोटं का लिहितील?"

"खोटं नाही लिहिलं. दिसलं ते लिहिलं." मार्शल आता जवळ आले. "मंत्री अर्धे उभे, ओठ हलतायत, समोरचे चारजण हात वर करून बघतायत, आणि कानातल्या यंत्रात काहीच नाही, कारण माइक बंद. ताई, वेळेवर बसलेला माणूस, सभागृह शांत, आणि तो लिहितो गोंधळ. असं कोण लिहील?"

मला उत्तर येत होतं. खिळ्यावरचं यंत्र. समोर बसा, समोर. वाजत राहिलेला फोन. आम्ही सगळे शब्द ऐकायचा पगार घेणारे, आणि रोज शेजारी बसलेल्या माणसाचं एवढं आम्हाला कळलं नव्हतं.

"त्यांना वाक्य नको होतं असं नाही," मार्शल म्हणाले. "त्यांना ते सांध्यावरचं मिनिट नको होतं. तुमची वही आणि त्यांची वही शेजारी ठेवली असती तर एकीत वाक्य, दुसरीत गोंधळ. मग प्रश्न निघाला असता, आणि चार महिने राहिले असताना सगळं बाहेर आलं असतं."

मी टेबलावर डोकं टेकलं. मी वहीसाठी आकांत करत होते तेव्हा नाना काचेमागून बघत होते. सगळं बघत होते.

"फाडली असेल त्यांनी?" मार्शलनी विचारलं.

"वही? नानांनी?" मला त्याही स्थितीत हसू आलं. "एकवेळ स्वतःचा हात तोडतील. वही फाडणं म्हणजे पाप, हे त्यांनीच आमच्या डोक्यात भरलंय."

"मग बाहेर काय गेलं? रिकामे हात, एक कोरी वही, आणि एक गठ्ठा. पटलावर ठेवलेल्या अहवालांचा. मोहर लागली की अध्यक्षांच्या परवानगीशिवाय तो कुणी उघडू शकत नाही. माझी रक्षकसुद्धा नाही."

"आणि परवानगी असली तरी ते अहवाल कोण उघडतंय?" मी म्हटलं.

चारला पाच मिनिटं कमी होती. मार्शल दाराकडे निघाले. मी म्हटलं, "थांबा. आधी मी एकटी जाते त्यांच्याकडे."

६

नाना काचेच्या खोलीत दाराकडे पाठ करून कपाटातल्या वह्या सरळ करत होते. एकेक वही काढायची, झटकायची, पुन्हा ठेवायची. मी उंबऱ्यावर उभी राहिले. मार्शलचं सगळं चुकावं, असं मला अजूनही वाटत होतं.

"नाना," मी नेहमीच्या आवाजात म्हटलं. "मला वाचवा."

त्यांनी आणखी एक वही काढली, झटकली.

"नाना, मला घालवतील हो. वही कुठे आहे सांगा."

वही जागेवर ठेवून त्यांनी पुढची काढली. मी तिथेच रडले. मोठ्यानं रडले तरी काय फरक पडणार होता? मग डोळे पुसून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हातातली वही हळूच खाली ठेवली.

"कळलं तुला," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"बारा वाजता बाहेर आलो तर डॉक्टरबाई विचारतात, घेतलंत ना ते वाक्य? मला कुठलं वाक्य तेच कळेना. आत येऊन तुझी वही उघडली. तेव्हा समजलं काय सुटलं ते." ते खाली बसले. "वाटलं, वही नसली तर गडबडीत राहून गेलं म्हणतील, दोन दिवस ओरडतील, विसरतील. तुझ्यावर येईल असं नव्हतं वाटलं. आणि आलं तेव्हा उशीर झाला होता."

"माझं वाक्य तुमच्या वहीत उतरवून टाकायचं होतं, नाना. कुणाला कळलं असतं?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "मी ऐकलं नव्हतं ते," ते म्हणाले. "न ऐकलेलं कसं लिहिणार?"

मला त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. वही पळवायला हात धजावला, मला बुडवायला धजावला, आणि इथे मात्र धजावला नाही! पण नाना उठले होते. त्यांनी सदऱ्याची बटणं नीट केली, खिळ्यावरच्या यंत्राला हात लावला आणि ते तिथेच ठेवून दिलं.

"चल. गठ्ठा उघडायची परवानगी मीच मागतो."

साडेचारला ग्रंथालयातून गठ्ठा आला. मंत्री होते, डॉक्टरबाई होत्या, मार्शल दाराशी. अध्यक्षांनी मोहर फोडली. तिसऱ्या आणि चौथ्या वार्षिक अहवालाच्या मध्ये माझी अकरा-पन्नासची वही होती, एक पानही न दुमडलेली. अध्यक्षांच्या सांगण्यावरून मी शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. मंत्री म्हणाले, "तपासून पाहावं लागेल." अध्यक्ष म्हणाले, "आता समिती तपासेल," आणि मंत्री निघून गेले. डॉक्टरबाईंनी माझा हात घट्ट दाबला, मग त्याही गेल्या.

अध्यक्ष नानांकडे वळले. मूठ ओठांवर होती. त्यांनी काहीतरी विचारलं आणि नाना माझ्याकडे बघू लागले.

मी टेबलावरचा कोरा कागद ओढला. अध्यक्षांचा प्रश्न जसाच्या तसा लघुलिपीत लिहिला. मला गाळावासा वाटणारा भाग होता, पण आमच्या धंद्यात गाळायचं नसतं. 'तुमचं ऐकणं गेलं यात गुन्हा नाही. पण या बाईंवर आळ आला, तेव्हा गप्प का बसलात?' कागद नानांपुढे सरकवला.

त्यांनी वाचला. मग ओठांवरून नजर वर नेऊन माझ्या डोळ्यांत बघितलं.

"भ्यालो, साहेब," ते म्हणाले. "ही नोकरी गेली तर लोकांत बसणार कसा, याला भ्यालो. तिला पुढे केलं आणि मी मागे लपलो. दुसरं काही कारण नाही."

प्रश्नाच्या खाली मी तेही उतरवून घेतलं.

अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

दुपारपासून मी मनात किती काय काय तयार करून ठेवलं होतं. नाना समोर उभे होते, मी काय बोलते ते माझ्या ओठांवरून वाचायला तयार. मी मान हलवून नाही म्हटलं. पाच वाजायला अकरा मिनिटं होती आणि ते पान अजून टंकायचं राहिलं होतं.